जीव वाचवणारी साधनं इतकी का टोचतात?

काही वर्षांपूर्वी प्रथमोपचाराच्या एका प्रशिक्षणात रुग्ण व्हायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी पुढे झाले. स्पाइन बोर्डवर, म्हणजे अपघातग्रस्ताला उचलण्याच्या कडक प्लास्टिकच्या फळीवर, मला आडवं केलं. मानेला कॉलर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठोकळे, कपाळावरून एक पट्टी. छाती, कंबर आणि पाय आवळलेले. पहिली दोन-तीन मिनिटं बरी गेली. मग डोक्याचा मागचा भाग फळीला टेकत होता तिथे ठणकायला लागलं. पाठोपाठ माकडहाड, मग खांद्यांची हाडं, मग टाचा. मान वळत नसल्यामुळे डोळ्यांपुढे फक्त छत होतं. माझ्याविषयी बोलणारी माणसं डोक्यामागे कुठेतरी होती. मला काहीच झालेलं नव्हतं, तरी पंधराव्या मिनिटाला मनात एकच होतं: हे सोडा आणि मला उठू द्या.

मणक्याला खरोखर इजा झाली असेल तर नेमकं तेच करायचं नसतं. मला स्थिर ठेवण्यासाठी बनवलेली वस्तूच मला हालचाल करायला भाग पाडत होती.

तेव्हापासून या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. जीव वाचवणारी साधनं इतकी का दुखतात, टोचतात, गुदमरवतात? आणि तो त्रास सोसायलाच हवा का? उत्तर साधनागणिक बदलतं. काही ठिकाणी त्रास ही साधन काम करत असल्याची खूण असते. तो कमी करायला गेलं की साधन निकामी होतं. काही ठिकाणी तो निव्वळ फुकटचा असतो: चुकीचं माप, चुकीची जागा, गरजेपेक्षा जास्त वेळ, किंवा कोणी नीट विचार न करता केलेली रचना. अंगाला मात्र दोन्ही सारखेच जाणवतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

पहिल्या प्रकाराचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे टूर्निकेट. हातापायाच्या मोठ्या जखमेतून रक्ताची धार लागली असेल आणि दाबून धरूनही ती थांबत नसेल, तेव्हा जखमेच्या वर पाच ते सात सेंटिमीटरवर, सांधा सोडून, हा पट्टा बांधतात आणि त्यात अडकवलेला दांडा पिळत जातात. फ्रेंच शल्यचिकित्सक जाँ-लुई पेती यांनी १७१८ साली स्क्रूने आवळता येणारं टूर्निकेट पुढे आणलं. आजचा दांड्याचा पट्टा त्याच कल्पनेवर चालतो. हा पट्टा नीट बांधला की भयंकर दुखतो. माणूस ओरडतो, विनवतो, आणि मदत करणाऱ्याचा हात पट्टा जरा सैल करायला जातो.

तो हात का रोखायचा, हे शिरा आणि धमन्यांच्या फरकातून कळतं. धमनी हृदयाकडून रक्त आणते, जोरात आणि खोलवरून. शीर ते परत नेते. तिच्यातला दाब अगदी कमी असतो. पट्टा अर्धवट आवळला की आधी शिरा बंद होतात, धमनी मात्र चालूच राहते. म्हणजे रक्त आत येतंय, पण परत जायची वाट बंद. मग जखमेतून आधीपेक्षा जास्त रक्त वाहू शकतं. ‘थोडंसं सैल’ करण्यात हा धोका आहे. पट्टा धमनी बंद होईपर्यंत आवळायचा असतो, आणि धमनी बंद झाली की खालच्या स्नायूंना प्राणवायू मिळत नाही. रक्तावाचून तडफडणाऱ्या स्नायूंची ती वेदना आहे. रक्त थांबल्याची ती किंमत आहे आणि ती टाळता येत नाही.

तरीही याच साधनात फुकटच्या वेदनेचा वाटा आहे. दोरी, बुटाची नाडी, वायर अशी अरुंद वस्तू बांधली तर धमनी बंद करायला खूप जास्त दाब लागतो, आणि तो सगळा दाब एका बारीक रेषेवर पडून त्वचा आणि नसा चिरडल्या जातात. रुंद पट्ट्याला तेच काम कमी दाबात जमतं. म्हणूनच तयार टूर्निकेट साधारण चार सेंटिमीटर रुंद असतं. थोडक्यात, रुंदी वाढवून वेदना कमी करता येते, पीळ सैल करून नाही. साधारण दोन तासांच्या आत पट्टा काढला गेला तर अवयवाला सहसा कायमची इजा होत नाही. बांधल्याची वेळ पट्ट्यावर किंवा कपाळावर लिहून ठेवतात ती यासाठीच. पुढे किती वेळ आणि काय करायचं, हा निर्णय रुग्णालयातल्या डॉक्टरांचा.

मांडीचं हाड मोडल्यावर लावतात त्या ओढ देणाऱ्या स्प्लिंटची, म्हणजे मोडलेलं हाड स्थिर धरणाऱ्या आधाराची, गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे त्रास आधी वाढतो आणि मग उतरतो. मांडीचे स्नायू इतके ताकदीचे असतात की हाड मोडल्यावर ते आखडतात आणि तुटलेली टोकं एकमेकांवर चढवतात. पाय हळूहळू सरळ ओढून धरला की स्नायूंची ही ओढाताण थांबते. ओढतानाचा तो अर्धा मिनिट फार वाईट असतो, नंतर मात्र बऱ्याच रुग्णांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो. ह्यू ओवेन थॉमस यांनी एकोणिसाव्या शतकात ही स्प्लिंट बनवली आणि पहिल्या महायुद्धात त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी ती आघाडीवर पोहोचवली. रक्तदाब मोजायच्या पट्ट्याने दंड आवळला जातो तोही असाच अटळ प्रकार: रक्त क्षणभर थांबवल्याशिवाय वरचा आकडा मिळतच नाही.

आता त्या फळीकडे परत येते, कारण वैद्यकाने स्वतःचं मत बदलल्याचं इतकं चांगलं उदाहरण क्वचित सापडतं.

त्वचेतल्या केशवाहिन्या फार नाजूक असतात. त्यांच्यातला दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दंडावर मोजलेल्या रक्तदाबाच्या मानाने किरकोळ. मऊ गादीवर आपलं वजन मोठ्या भागावर पसरतं. कडक सपाट फळीवर ते हाडं जिथे वर आलेली असतात त्या चार-पाच ठिकाणी एकवटतं. तिथला दाब केशवाहिन्यांतल्या दाबापेक्षा कितीतरी जास्त होतो, रक्त पोहोचत नाही आणि ऊती तक्रार करू लागतात. झोपेत आपण नकळत कूस बदलतो ती याच तक्रारीमुळे. बांधलेल्या माणसाला कूस बदलता येत नाही.

त्यातली सगळ्यात वाईट बाजू मला उशिरा समजली. मज्जारज्जूला खरोखर इजा झालेल्या माणसाला खालचं अंग जाणवतच नाही. ज्याच्यासाठी ही फळी आणली, त्याचीच त्वचा गप्प राहते. धडधाकट माणूस पंधरा मिनिटांत कुरकुर करतो. ज्याला सर्वात जास्त धोका आहे तो काहीच बोलत नाही, आणि बेडसोरची, म्हणजे सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात फळीवरच होऊन जाते. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असं धरून चालणं इथे घातक ठरतं.

फळी मुळात गाडीतून किंवा ढिगाऱ्यातून माणसाला बाहेर सरकवण्यासाठी होती. त्या कामाला ती उत्तम आहे: गुळगुळीत, मजबूत, सहज धुता येणारी. हळूहळू सवयीने तीच बिछाना झाली. बाहेर काढलं त्या फळीवरच रुग्णवाहिका, त्याच फळीवर तपासणी, त्याच फळीवर एक्स-रेची वाट. २०१३ साली अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकांच्या आणि शल्यचिकित्सकांच्या संस्थांनी एकत्र निवेदन काढून सांगितलं की फळी विचारपूर्वक वापरा आणि रुग्णाला शक्य तितक्या लवकर तिच्यावरून उतरवा. अनेक ठिकाणी आता स्कूप स्ट्रेचर (दोन भागांत सुटं होऊन दोन्ही बाजूंनी रुग्णाखाली सरकवता येणारं) किंवा व्हॅक्यूम गादी वापरतात. ही गादी मला फार हुशारीची वाटते. तिच्या आत प्लास्टिकचे हलके दाणे असतात. आधी ती अंगाभोवती लपेटायची, मग पंपाने आतली हवा काढून घ्यायची. दाणे एकमेकांत घट्ट बसतात आणि गादी त्या माणसाच्याच आकारात कडक होते. पाठीची पोकळी भरली जाते, वजन पसरतं, आणि हालचालही थांबते. आराम आणि सुरक्षितता एकमेकांच्या आड यायलाच हव्यात असं नाही, हे त्या गादीवर पडल्यावर अंगालाच कळतं.

मानेच्या कडक कॉलरचाही असाच फेरविचार झाला. ती हनुवटीला आणि मानेच्या मागे रुतते, घोट गिळायला त्रास होतो, तोंड पुरतं उघडत नाही. उलटी झाली तर श्वासमार्ग मोकळा ठेवणं अवघड होतं. ती मानेतल्या शिरांवर दाब देते, त्यामुळे डोक्यातून परत येणारं रक्त अडतं आणि कवटीतला दाब वाढू शकतो. डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी ही साधी गोष्ट नाही. म्हणून ‘प्रत्येकाला कॉलर’ ही जुनी रीत मागे पडून ‘कोणाला खरंच हवी’ हे तपासण्याची पद्धत आली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या नेक्सस या अमेरिकी अभ्यासात ३४ हजारांहून जास्त रुग्ण होते. मानेच्या मधोमध दाबल्यावर दुखत नाही, हातापायांत बधिरपणा किंवा कमजोरी नाही, माणूस पूर्ण शुद्धीवर आहे, नशेत नाही, आणि लक्ष वेधून घेणारी दुसरी मोठी दुखापत नाही: या पाचही गोष्टी जुळल्या तर मानेचा एक्स-रे टाळता येतो, असं त्यातून दिसलं. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या डॉक्टरांनी आपला वेगळा नियम मांडला. अनेकांची कॉलर त्यामुळे लवकर सुटू लागली. पण हा निर्णय तपासणाऱ्या जाणकाराचा आहे. रस्त्यावर पडलेल्या माणसाची कॉलर दया येऊन कोणी काढू नये, आणि रुग्णाने स्वतः तर नाहीच. रुग्णाने करायचं ते सांगणं: कुठे रुततंय, हात बधिर होतोय का, उलटीसारखं वाटतंय का. माप चुकलं असेल तर ते बदलता येतं.

मास्कबद्दल महासाथीच्या काळात आपण सगळेच थोडेफार शिकलो, तरी एक गैरसमज उरलाच: मास्क घट्ट वाटला म्हणजे तो नीट बसला. एन-९५ मास्क गच्च असतो कारण गाळणी कितीही चांगली असली तरी हवा सोपी वाट शोधते. नाकाशेजारी जरा फट राहिली की श्वास कापडातून न जाता त्या फटीतून जातो. म्हणून त्याचे पट्टे कानांऐवजी डोक्यामागून जातात. कानांवरचे पट्टे सहसा तेवढा ताण देऊ शकत नाहीत. दाढीवर तो नीट बसत नाही तेही यामुळेच. नाकाच्या हाडावर आणि गालांवर वळ उठतात ते या सीलचे.

पण श्वास घेताना जो विरोध जाणवतो, तो खरं तर याहून पुष्कळ जास्त असायला हवा होता. सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण पकडायला सर्वात कठीण असतात, आणि मास्कने त्यातले निदान ९५ टक्के अडवायला हवेत. हे नुसत्या दाट विणीने करायचं म्हटलं तर त्यातून श्वास घेणंच मुश्किल होईल. म्हणून तंतूंना कायमचा विद्युतभार दिलेला असतो. तंतू विरळ ठेवले तरी कण त्यांच्याकडे ओढले जाऊन चिकटतात. एन-९५ मध्ये आपल्याला श्वास घेता येतो तो या भारामुळे. मास्क सॅनिटायझरने किंवा साबणाने धुतला की हा भार जातो. मग दिसायला तो स्वच्छ आणि श्वासाला तसाच, पण कामाला आधीसारखा राहत नाही. झडपेचे मास्क जास्त सुखाचे वाटतात कारण उच्छ्वास थेट बाहेर पडतो, म्हणजे घालणाऱ्याच्या श्वासातलं काहीही न गाळता समोरच्यापर्यंत जातं. तिथे स्वतःच्या आरामाची किंमत दुसरा मोजतो.

मास्क बसलाय की नाही हे ‘घट्ट वाटतंय’ यावरून ठरत नाही. रुग्णालयांत आणि कारखान्यांत त्यासाठी चाचणी करतात: डोक्यावर टोपासारखं आवरण घालून आत गोड किंवा कडू द्रावणाचा फवारा सोडतात. मास्क लावून चव लागली की सील फुटलेलं आहे. त्याच चाचणीत अनेकदा कळतं की त्या माणसाला वेगळं माप किंवा वेगळा आकार हवा होता, आणि इतके दिवस तो चुकीच्या मास्कचे वळ विनाकारण सोसत होता. बायकांच्या बाबतीत हे फार वेळा घडतं, कारण संरक्षणाच्या कित्येक वस्तूंची मापं पुरुषांच्या सरासरी शरीरावर ठरवली गेली. हातमोजे सैल, चष्मा गालाला टेकत नाही, हार्नेसचा, म्हणजे उंचावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या साजाचा, पट्टा छातीवर भलत्या जागी. हा त्रास मुकाट सोसणाऱ्या बाईला ‘सवय होईल’ असं सांगितलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. सवय झाली तरी फट तशीच राहते.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. त्याच्या आतला थर्मोकोलसारखा थर आदळताना चेपला जातो आणि डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर जागा मिळते. ते चेपणंच मेंदूला वाचवतं. त्यासाठी हेल्मेट डोक्यासोबतच हलायला हवं. हाताने हलवल्यावर कपाळाची कातडी सोबत सरकली तर माप ठीक. सगळीकडून सारखा दाब चांगला, गाल जरा दाबले गेले तरी चालतं. पण कपाळावर एकाच बिंदूत कळ येत असेल तर हेल्मेटचा आकार तुमच्या डोक्याच्या आकाराशी जुळत नाही. दुसरं बघावं. ते सैल करून किंवा हनुवटीचा पट्टा न लावता घालण्यात अर्थ नाही.

उंचावर काम करणाऱ्यांच्या हार्नेसमध्ये तर मुख्य धोका पडल्यानंतर सुरू होतो. दोरीने माणूस वाचला, आता तो मांड्यांच्या पट्ट्यांवर लटकतो आहे. पाय हलत नाहीत, त्यामुळे रक्त पायांत साठतं, हृदयाकडे कमी परततं आणि काही मिनिटांतही शुद्ध हरपू शकते. तिथे मांडीत रुतणारा पट्टा हा खरा इशारा असतो. पाय हलवत राहावं, हार्नेसला पाय टेकवायचे फासे असतील तर त्यावर उभं राहावं, आणि खाली उतरवायची योजना काम सुरू होण्याआधीच ठरलेली असावी.

प्राणवायूच्या नळीबाबत एक साधी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. आपलं नाक प्रत्येक श्वास शरीराच्या तापमानाला आणतं आणि ओलसर करतं. सिलिंडरमधला प्राणवायू मात्र कोरडा ठणठणीत असतो. मिनिटाला साधारण चार लिटरपर्यंत नाक ते सांभाळून घेतं. प्रवाह वाढवला की नाक सुकतं, खपल्या धरतात, रक्तही येतं. मग रुग्ण नळी काढून टाकतो आणि नातेवाईक त्याला रागावतात. हाय फ्लो यंत्र तोच वायू ३७ अंशांपर्यंत तापवून, पूर्ण दमट करून देतं, आणि मग मिनिटाला ६० लिटरचा प्रवाहही नाकाला सोसतो. इथे ऊब आणि ओलावा हेच निम्मं औषध आहे.

हृदयाच्या बाबतीतही हेच घडत आलं आहे. मिशेल मिरोव्स्की यांच्या कल्पनेतून तयार झालेलं, शरीरात बसवायचं डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाची बिघडलेली लय विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणणारं यंत्र, पहिल्यांदा १९८० साली माणसात बसवलं गेलं. त्याचा झटका शुद्धीवर असताना बसला तर छातीवर लाथ बसल्यासारखा वाटतो, आणि पुढच्या झटक्याची भीती काहींना महिनोन्‌महिने छळते. नंतरच्या यंत्रांत एक युक्ती आली: ठोके एका ठरावीक प्रकारे वेगाने पडत असतील तर आधी त्याहून थोड्या जलद, सौम्य स्पंदनांनी ती लय मोडायची. बरेचदा तेवढ्याने भागतं आणि माणसाला फारसं काही कळतही नाही. झटका शेवटचा उपाय म्हणून मागे थांबतो. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर, ज्याची मूळ कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडली, त्यानेही मनगटाच्या धमनीत वारंवार सुई टोचण्याचं प्रमाण कमी केलं. त्रास सोसायला शिकवण्यापेक्षा तो काढून टाकणाऱ्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो.

सगळ्यात अवघड उदाहरण शेवटी ठेवलं आहे: व्हेंटिलेटर. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा डॉक्टर ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालून हवा देण्याचा मार्ग धरला, आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून ती हवा दिली. आज पिशवीच्या जागी यंत्र आहे, नळी मात्र आहेच. ती आता सहसा तोंडातून स्वरतंतूंच्या मधून खाली जाते, म्हणून माणसाला बोलता येत नाही. तिच्या टोकाचा फुगा श्वासनलिकेच्या भिंतीला टेकून राहतो. त्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरमध्ये ठेवतात, कारण कमी झाला तर लाळ आत झिरपते आणि जास्त झाला तर भिंतीचं रक्त अडतं.

पूर्वी अशा रुग्णांना दिवसरात्र गाढ गुंगीत ठेवत. २००० साली शिकागोतल्या एका अभ्यासात दिसलं की गुंगीचं औषध रोज थोडा वेळ थांबवून रुग्णाला जागं होऊ दिलं तर व्हेंटिलेटर लवकर सुटतो. त्यामुळे आता हलक्या गुंगीकडे कल आहे. याचा दुसरा अर्थ असा की आज जास्त रुग्ण नळी घशात असताना जागे असतात, आणि त्यांना सगळं जाणवतं. त्यांना तहान लागते, भयंकर तहान, कारण तोंड उघडं आहे आणि पाणी पिता येत नाही. पाठीखाली चादरीची चुणी टोचते. पंप वाजत राहतो आणि तो का वाजतोय हे त्यांना माहीत नसतं.

नळी काढता येत नाही, पण तहानेचं काहीतरी करता येतं. थंड पाण्यात बुडवलेल्या बोळ्याने ओठ आणि जीभ ओली करायची, पुन्हा पुन्हा. मुळाक्षरांचा तक्ता समोर धरायचा आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत जायचं, रुग्ण पापणी मिटेपर्यंत. आणि हात लावण्याआधी, दर वेळी, सांगायचं: आता नळीतला कफ ओढणार आहे, दहा सेकंद खोकला येईल, मग थांबेल.